दिव्यांचं तोंड दक्षिणेला

आम्हाला विमान शिकवणारा साहेब गोरा असता, तर मी त्याला कधीच माफ करून टाकलं असतं. त्याला काय कळणार आपल्यातलं, म्हणून सोडून दिलं असतं. पण हा आपलाच होता, पुण्याकडचा, जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवणारा. त्याला सगळं कळत होतं. म्हणून तर माझा राग अजून जात नाही.

लढाईचे दिवस होते. धुळ्याबाहेर माळ सपाट करून विमानांसाठी धावपट्टी केली होती. मी देवपूरचा, शेतकऱ्याचा मुलगा, तिथे दोन माणसांच्या लहानशा विमानात अंधारात उतरायला शिकत होतो, तेही बाहेर न बघता. पुढे साहेब, मागे मी. माझ्या डोक्यावरून टांग्यासारखा जाड कापडाचा टप ओढलेला. आत फक्त काटे: उंचीचा, वेगाचा, दिशेचा. त्यांच्या भरवशावर पट्टीच्या दक्षिणेला जायचं, वळायचं आणि खाली खाली यायचं. अगदी शेवटी साहेब टप मागे टाकायला सांगायचा. समोर दिव्यांच्या दोन रांगा दिसल्या तर जिंकलात. अंग सांगतं आपण डावीकडे कलंडतोय, काटा सांगतो सरळ आहेस. अंगाचं ऐकलं की संपलात. मी दोनदा अंगाचं ऐकलं होतं. आता परत नापास झालो की थेट घरी, आणि घरी भाऊबंद हसायला तयारच बसले होते.

दिवे लावायचं काम आबांकडे होतं. आबा शेजारच्या खेड्यातले म्हातारे शेतकरी, रोजावर ठेवलेले. दिवे म्हणजे झारीसारखी पत्र्याची भांडी, पोटात रॉकेल आणि चोचीत जाड वात. वारा येईल त्याच्या उलट बाजूला चोच करायची, नाहीतर वात विझते. त्या आठवड्यात उत्तरेचा बोचरा वारा सुटला होता. चोची दक्षिणेला हव्या होत्या. आबांनी झाडून सगळ्या पूर्वेला केल्या.

त्या संध्याकाळी काटे मी जिवापाड सांभाळले होते. टप मागे टाकला तर एक रांग धड आणि दुसरीचे दोन-चारच दिवे. मी गोंधळलो. साहेबाने पुढच्या आपल्या दांड्याने विमानाचा ताबा घेतला, स्वतःच ते उतरवलं आणि उडी मारून थेट आबांच्या अंगावर गेला.

"चोची कुणी फिरवल्या?"

"दिवानं तोंड दक्षिणले नही करतस, साहेब," आबा हात जोडून म्हणाले. "ती यमनी दिशा. मना पोऱ्या लढाईवर शे."

"कुठे?"

"ब्रह्मदेशकडे. कैक दिन व्हयनात, कागद नही."

साहेब हसला. छान मोकळं हसला. "मग यमाला रस्ता नीट दिसायला नको होय रे, म्हाताऱ्या? फिरव सगळ्या. माझ्यासमोर. आणि दर दिव्यापाशी मुलाचं नाव घे, म्हणजे त्याची चुकामूक व्हायची नाही."

मी म्हणालो, "साहेब, चोची मी फिरवतो."

"फिरव की. आणि उद्याच्या गाडीने घरी जा."

आबांनीच मला मागे सारलं. "ऱ्हाऊ दे, भाऊ. तुनं नुकसान व्हई."

मग ते वाकले. एकेक चोच फिरवत, एकेकदा नाव घेत गेले. नाव ऐकू येत नाही म्हटलं की साहेब परत घ्यायला लावायचा. त्याच्या थोबाडीत मारायला माझा हात शिवशिवत होता. मारली नाही.

रांगा लख्ख झाल्या. साहेब म्हणाला, "चल, शेवटची संधी." आम्ही पुन्हा वर गेलो. टपाखाली मला रागाने दरदरून घाम फुटला होता, पण काटे जागच्या जागी राहिले. वळलो, उत्तरेकडे तोंड केलं, खाली आलो. "टाक टप," साहेब बोलण्याच्या नळीतून ओरडला.

दोन्ही रांगा अशा सरळ की डोळे निवावेत. आणि त्यांच्या अलीकडच्या टोकाला, दिव्यांच्या पुढे, बरोबर मधोमध आबा उभे. दक्षिणेकडे तोंड करून, म्हणजे आमच्याकडे. दिव्यांच्या वाटेने जो कुणी येईल त्याला मुलाआधी आपण भेटावं म्हणून.

"उतर! हटेल तो."

आबा हटणार नव्हते, हे मला दिसत होतं. मी दांडा जरासा ओढला. चाकं त्यांच्या पागोट्यावरून गेली. विमान पुढे नेऊन टेकवलं, इतकं अलगद की मला स्वतःलाच नवल वाटलं.

"लांब उतरलास," साहेब म्हणाला. "पण पास."

पट्टे सोडून खाली येतो तोच आबा धापा टाकत पोचले. पागोटं सुटून गळ्यात आलेलं, आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"वना ना तो, भाऊ! मना डोकावरथीन गया. माले दखं आनि तसाच गया. आते पोऱ्याकडे जावाव नही!"

मी "हो आबा" म्हणणार होतो. माझं तोंड उघडलंही होतं.

"अरे, यम कसला," साहेब हातमोजे काढत म्हणाला. "हा देवपूरचा पोरगा होता. तुझा यम अजून यायचाय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग विमानाकडे, मग परत माझ्याकडे. पागोटं डोक्याला गुंडाळत ते रांगांच्या मधून दक्षिणेच्या टोकाकडे निघाले. साहेब मागून ओरडत राहिला, दिवे विझव म्हणून, फुकट रॉकेल जळतंय म्हणून. आबा टोकाला जाऊन पुन्हा तसेच उभे राहिले.