हद्दीचा दगड

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण मनातून जात नाही ती एका दगडाची चोरी.

कोन गावाजवळ एका निवृत्त प्राध्यापकांनी इंग्रजी राजवटीचं छोटं संग्रहालय उभारलं होतं. तिथून मीठ खात्याचा हद्दीचा दगड गेला. त्यावर मुकुट कोरलेला. शेजारच्या चांदीच्या घड्याळांना कोणी हात लावला नव्हता. कुलूप शाबूत, म्हणून संशय रखवालदारावर. तो मिठागराच्या गावचा, पन्नाशीचा. "त्याला आत टाका," असा प्राध्यापकांनी धोशा लावला.

मी त्याला ठाण्यात बोलावलं. समजावलं, दमात घेतलं. "मी चोर नाय, साहेब," एवढंच बोलला. चहासुद्धा घेईना. खबऱ्याकडून कळलं, की त्याच्या गावात कालपासून नारळ फुटताहेत. नारळाचा आणि चोरीचा संबंध मला लागेना.

त्याला घेऊन पुन्हा घटनास्थळी गेलो. आम्ही सगळे बुटांसकट आत. त्यानं मात्र दारात चपला काढल्या आणि रिकाम्या चौथऱ्यापाशी मान खाली घालून उभा राहिला. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

"कुठला देव आहे हा?" मी विचारलं.

गडी ढसाढसा रडला. "आमचा वेताळ हाय, साहेब. मिठागरावर भराव पडला तवा या सरांनी उचलून आणला. शेंदूर खरवडाया मलाच लावला. नोकरी व्हती, खरवडला. मंग एक रात झोप नाय. परत नेऊन ठेवला."

दगड गावच्या उरलेल्या बांधावर सापडला, ताज्या शेंदरात. मी मुकुटावर बोट ठेवून तिथेच बसलेल्या रखवालदाराच्या आईला म्हटलं, "आजी, हा तर इंग्रजांचा."

"असंल," म्हातारी म्हणाली. "आमचंच मीठ आमाला चोरून न्यायला लागायचं. मंग माझ्या सासऱ्यानं याला शेंदूर फासला. त्या दिसापासून सायबाचा शिपाई रातचा या बांधावर फिरकला नाय."

प्राध्यापकही सोबत होते, त्यांनी सगळं ऐकलं. पुढे त्यांनी कोर्टात दगडावरचा हक्क सोडला आणि तक्रारही मागे घेतली. रखवालदाराला म्हणाले, "उद्यापासून ये कामावर."

"येतो," तो म्हणाला. "पन माझ्या हातून पुन्ना असलं काय करवू नका."

गप्प बसलेला माणूस काहीतरी दडवतोय, असं आम्ही पोलीस धरूनच चालतो. त्याला स्वतःचीच लाज वाटत असेल, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.