सहादू कुणाचं ऐकत होते

विंचूरच्या कांदा मार्केटात सहादू लिलाव पुकारायचे. एका ट्रॅक्टरभोवती दहा व्यापारी एकदम ओरडतात, मागे हमालांचा गलका, आणि त्यातून नेमका चढा भाव उचलायचा, हे काम त्यांनी उभा जन्म केलं. घरी मात्र कानात बोळे घातल्यासारखे बसत. हे मला त्यांच्या बायकोनं, सुलाबाईनं सांगितलं. सहादू स्वतः सांगण्याच्या पलीकडे गेले होते. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून डोळे उघडे, नजर छताला, बाकी सगळं लाकूड.

मी ज्योत्स्ना. इंदिरानगरच्या एका दवाखान्यात मेंदूचे आलेख काढते. स्वभावानं चिडकी आहे आणि भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, म्हणून हे सांगताना जरा अवघडल्यासारखं होतं.

सुलाबाईला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्यांना ऐकू येतं का? डॉक्टर विश्वेश यांनी चाचणी ठरवली. सहादूंच्या दोन्ही कानांत वेगवेगळी टिकटिक सोडायची आणि सांगायचं, 'फक्त उजव्या कानाकडे लक्ष द्या.' आवाज झाला की सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात मेंदूत एक लहर उठते. माणूस ज्या बाजूला लक्ष देतो तिकडची लहर मोठी. एका टिकटिकीत ती दिसत नाही, पुन्हा पुन्हा ऐकवून सरासरी काढावी लागते. पण हातपाय हलोत न हलोत, मन कुठे आहे ते सहसा लपत नाही.

तारांची टोपी चढवताना मी सुलाबाईला म्हणाले, "बांगड्या काढून ठेवा. आवाज नको."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हातातली जेलची ट्यूब हातातच राहिली. "नवरा जिता हाय माझा, बाई. हात मोकळे करू व्हय?"

मी जीभ चावली. मनगटांभोवती पदर गुंडाळून बसा म्हटलं.

आलेख हाती आला आणि माझ्या अंगावर काटा आला. सुलाबाई चहाला बाहेर गेली होती तेवढ्या वेळात उजवी लहर मोठी होती, अगदी सांगितल्याबरहुकूम. म्हणजे माणूस आत होता. पण ती खोलीत असताना दोन्ही लहरी सारख्याच खाली बसलेल्या. सहादू टिकटिक सोडून दुसरंच काहीतरी ऐकत होते. खोलीत तर कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी उठून पडद्याआड डोकावले. लाज वाटते सांगायला, पण डोकावले.

"तुम्ही त्यांना हाक कशी मारता?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"हाक?" सुलाबाई लाजली. "सासू-सासऱ्यांपुढं हाक कुठली? बांगड्या वाजवायची. किती बी गलका असू द्या, मान वळायची त्यांची. घरात तेवढंच ऐकायचे."

म्हणजे मघाशी पदराआडूनही त्या किणकिणल्या असणार. डॉक्टरांनी मनगटांवरचा पदर काढायला लावून तिला उशामागे उभं केलं आणि बांगडी नेमकी कधी वाजते ते टिपायला मनगटाजवळ छोटा माइक लावला. कानांत टिकटिक चालू, आणि ती मधूनमधून हात हलवी. सहादूंची पापणीही लवली नाही. सरासरी काढली तेव्हा टिकटिकीच्या लहरी झोपलेल्या, आणि बांगड्यांमागोमाग, त्याच दहाव्या भागात, एक लहर फणा काढून उभी.

"ऐकताहेत ते," डॉक्टर म्हणाले. "कुणास ठाऊक, पहिल्यापासूनच ऐकत असतील."

मला वाटलं, आता ही देवाला हात जोडणार. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला हाताला धरून तिनं बाहेर नेलं.

"म्हंजी समदं ऐकत व्हते?"

"बहुतेक."

"बाई, मी त्यांच्या कानाशी बसून म्हणायची, सुटा आता एकदाचे. लय हाल झाले, तुमचे बी आन् माझे बी. जावा म्हणायची."

"कधी म्हणालात?"

"रोज."

मला तिची फार दया आली. तिनं एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

"आजच्या दिवस तुमी बसा त्यांच्यापाशी," ती म्हणाली. "मला जमायचं नाय."

मी आत जाऊन बसले. सहादूंचे डोळे छतालाच होते. एरवी पेशंटच्या उशाशी बसून मी खुशाल फोनवर बडबडते. त्या दिवशी खोकला आला, तोही दाबून धरला.