न गाळलेला रंग

मायक्रोस्कोपखाली जंतूंच्या काड्या, माळा आणि द्राक्षांसारखे घोस ओळखण्यात लॅबमधल्या बाईंची तीस वर्षं गेली होती. स्लाइडवर घालायचा रंग कुणी गाळून घेतला नाही, की त्या त्याला धारेवर धरत.

एके सकाळी नणंदेच्या सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी तपासायला आलं. स्लाइडवर जांभळे घोस दिसले आणि बाईंच्या पायांखालची जमीन सरकली. म्हणजे आता ऑपरेशन! तेवढ्यात रंगाच्या बाटलीकडे लक्ष गेलं. घाईत त्यांनी स्वतःच रंग गाळला नव्हता. गाळून दुसरी स्लाइड केली, तर एकही घोस नाही!

बाहेर बाकावर नणंद बसली होती. बाई धावतच गेल्या. “जंतू नाहीत गं! नुसता रंगाचा गाळ होता. चूक माझी.”

“वहिनी, तुझ्या तोंडून ‘चूक माझी’ ऐकायला मिळणार असेल, तर दुसराही गुडघा सुजू दे!”