आमच्या डावऱ्याचा नंबर

दरवर्षी अमेरिकेतला बास्केटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधी तिथली एक वेबसाइट शंभर खेळाडूंची यादी काढते. यंदा सगळ्यांत भारी कोण, दुसरा कोण, असं करत शंभरापर्यंत. अजून एकही मॅच झालेली नसते, तरी आमच्या ग्रुपवर भांडणं पेटतात. ग्रुपमध्ये आम्ही वीस-पंचवीस जण आहोत, सगळे दादर-वडाळ्याच्या मैदानांवर कधी ना कधी खेळलेले. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाचं पोट सुटलंय, पण यादी आली की सगळ्यांच्या अंगात येतं. ‘हा नववा? डोकं ठिकाणावर आहे का?’ ‘त्याने मागच्या वर्षी केलं काय?’ ‘यादी करणाऱ्याने बॉल तरी हातात धरलाय का कधी?’

त्या मॅचेस आपल्याकडे सकाळी लागतात. मी ओट्यावर डब्याला मोबाइल टेकवून पोळ्या लाटता लाटता बघते. माझा सगळा जीव एका डावखुऱ्या खेळाडूवर. ग्रुपवर आम्ही त्याला नुसतं डावरा म्हणतो. दोन वर्षांपूर्वीच्या यादीत तो पहिल्या विसांतून थेट पन्नासच्या पलीकडे गेला. यादी संध्याकाळी आली. मी ऑफिसातून परळला घरी येत होते, ती स्टेशनच्या पुलावरच वाचली आणि तिथेच उभं राहून मैत्रिणीला फोन लावला.

ही मैत्रीण कॉलेजपासूनची. आम्ही एकाच टीममध्ये होतो. मी कॅप्टन, ती राखीव. प्रॅक्टिसला झकास खेळायची, पण मॅचमध्ये तिच्या हातांना कंप सुटायचा. सर तिला शेवटची दोन मिनिटं उतरवायचे, तेही आम्ही आरामात जिंकत असलो तर. लग्नानंतर ती गिरगावात गेली, एका शाळेच्या ऑफिसात लागली. डावरा तिचाही लाडका.

‘अगं, हे लोक नुसते त्याचे पॉइंट मोजतात,’ मी फोनवर तावातावाने म्हणाले. ‘त्याच्यामागे दोन-दोन माणसं धावतात म्हणून बाकीचे मोकळे सुटतात. ते कुठल्या यादीत दिसतं?’

‘बरोबर बोललीस,’ ती म्हणाली.

तीन दिवसांनी दुपारी जेवताना ऑफिसातल्या एकाने मोबाइल माझ्यासमोर धरला. ‘मॅडम, तुम्ही बास्केटबॉल बघता ना? या बाईंना ऐका, काय धुतलंय यादीवाल्यांना!’

स्क्रीनवर माझी मैत्रीण. खोताच्या वाडीजवळच्या तिच्या घराची खिडकी मागे दिसत होती. साधा कॉटनचा ड्रेस, केस वर बांधलेले, आणि अस्सल मराठीत ती सांगत होती की लोक नुसते पॉइंट मोजतात, पण त्याच्यामागे दोन-दोन माणसं धावतात म्हणून बाकीचे मोकळे सुटतात. माझंच वाक्य, फक्त तिने ते हसत हसत, हात नाचवत म्हटलं होतं. खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं. ‘ताई, एक नंबर!’ ‘मराठीत असं कुणी समजावलंच नव्हतं.’ ‘ताई, रोज बोला.’

माझा घास तोंडातच राहिला.

‘ओळखता का?’ त्याने विचारलं.

‘नाही,’ मी म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस मी धड नव्हते. तिचे व्हिडिओ येत राहिले, रोज एका खेळाडूवर. मी प्रत्येक पाहिला. खालची प्रत्येक प्रतिक्रिया वाचली, तिच्या चुका शोधल्या आणि फारशा सापडल्या नाहीत म्हणून आणखी चिडले. आमच्या ग्रुपवर तिचं कौतुक सुरू झालं की मी फोन उलटा ठेवायची. नवरा म्हणाला, ‘तूही कर की व्हिडिओ, तुला तिच्याहून जास्त कळतं.’ मी खरंच एकदा केला, दार लावून. मास्तरीण पोरांना रागावतेय तसा दिसत होता. पुसून टाकला. आई लालबागहून आली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘काय गो, तोंड कित्याक पाडलंस?’ काय सांगणार होते? मैत्रिणीची वाहवा होतेय म्हणून?

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी खोटं अकाउंट उघडलं. नाव पुरुषाचं, फोटो बॉलचा. तिच्या पहिल्या व्हिडिओखाली लिहिलं : ‘हिला काय कळतंय? कॉलेजात कायम बेंचवर. सेमीफायनलला सरांनी उतर म्हटलं तर घाबरून हिने बुटाची लेस स्वतःच तोडली आणि बसून राहिली.’

पाठवल्यावर कानशिलं गरम झाली, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत त्याला पुष्कळ लाइक आले. कुणीतरी हसण्याचे चेहरे टाकले. त्या दिवसानंतर तिचे व्हिडिओ थांबले.

चार दिवसांनी तिचा फोन आला. ‘शनिवारी दादरला भेटशील?’

आम्ही नेहमीच्या उडप्याकडे बसलो. तिने दोघींसाठी कॉफी सांगितली. वेटर गेला तसं ती म्हणाली, ‘लेसचं मी फक्त तुला सांगितलं होतं.’

मी खाली बघितलं. नाकारायचं ठरवून आले होते, ते जमलं नाही. ‘हो, मीच लिहिलं,’ मी म्हणाले.

‘आईलासुद्धा ठाऊक नव्हतं गं ते. परवा तिने वाचलं आणि विचारलं, खरं का?’

‘आणि तू माझं वाक्य चोरलंस त्याचं काय?’ माझ्याच्याने राहवलं नाही. ‘दोन माणसं मागे धावतात, बाकीचे मोकळे सुटतात, हे मी सांगितलं होतं तुला. नाव तरी घ्यायचंस.’

ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. ‘तुला खरंच आठवत नाही? बेंचवरून घसा फाटेस्तोवर मी काय ओरडायचे? दोघी येतायत तुझ्यामागे, बॉल सोड, बॉल सोड! तू कधी सोडायची नाहीस. मग एकदा सोडलास, आपण ती मॅच जिंकलो आणि सरांनी तुझी पाठ थोपटली.’

मला आठवलं. मैदान आठवलं, तो पास आठवला, ओरडणारा आवाजही आठवला. तो तिचा होता हे मात्र मी पार विसरून गेले होते.

‘तू खेळत होतीस,’ ती म्हणाली. ‘मी तीन वर्षं बसून नुसता खेळ बघितला. दुसरं होतं काय मला करायला? जळायचे मी तुझ्यावर. पण तुझं काही कुणाला सांगितलं नाही.’

कॉफी आली. दोघींनी ती पिऊन टाकली, कारण समोर होती. निघताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

त्या रविवारी मी खोटं अकाउंट बंद केलं आणि माझ्या खऱ्या नावाने त्याच व्हिडिओखाली लिहिलं की लेसची ती गोष्ट मी लिहिली होती, मत्सरापोटी लिहिली होती, आणि बास्केटबॉलमधलं मला जे कळतं त्यातलं बरंच तिने शिकवलेलं आहे. लोकांनी मला यथेच्छ शिव्या घातल्या. तिने उत्तर दिलं नाही.

हंगाम सुरू झाला. एका सकाळी डावऱ्याने कठीण मॅच ओढून काढली. मी पोळी तव्यावर तशीच टाकून बघत होते, तेवढ्यात तिचा मेसेज आला : ‘बघतेयस?’ मी लिहिलं, ‘बघतेय.’ एवढंच. पण पुढच्या मॅचलाही आला.

तिचे व्हिडिओ पुन्हा सुरू झाले. माझा मत्सर गेला असं म्हणणार नाही. तिचा व्हिडिओ किती लोकांनी बघितला हे मी अजून आधी बघते, मग तिचं बोलणं ऐकते. फरक इतकाच की आता ती चांगली आहे हे मला पक्कं माहीत आहे, आणि त्याने उलट मनाला जास्तच लागतं.

यंदाची यादी आली तेव्हा डावरा शंभरातसुद्धा नव्हता. ग्रुपवर सुतक पडलं. तिने फोन केला, ‘येतेस का गिरगावात? मोबाइल धरायला कुणी नाही.’ मी ऑफिसातून परस्पर गेले. ती खिडकीपाशी उभी राहिली आणि सलग सहा मिनिटं डावऱ्यावर बोलली, कागदाकडे न बघता. माझा दंड भरून आला, पण मी मोबाइल हलू दिला नाही.

‘कसं झालं?’ तिने विचारलं.

‘मधे एकदा अडखळलीस,’ मी म्हणाले.

ती कुठेही अडखळली नव्हती. तिचा चेहरा पडला. ‘मग परत करू या?’

मी मोबाइल तिच्या हातात दिला.

‘नको,’ मी म्हणाले. ‘नाही अडखळलीस. मस्त झालंय. टाक.’