वेटिंग सात

गुजरातेतल्या गोडादऱ्यात लोटूदादाला ओळखत नाही असा खानदेशी माणूस शोधून सापडायचा नाही. ही ओळख त्याच्या नोकरीमुळं मात्र नव्हती. नोकरीचं काय, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवणाऱ्या मशीनवर त्याच्यासारखे ढीगभर आहेत. लोटूचं नाव होतं ते उधना स्टेशनावर. अखाजीचा सण आला, लग्नसराई आली, की नंदुरबार-अमळनेरकडे जाणाऱ्या गाड्यांत मुंगीला शिरायला जागा नसते. मग सगळी गल्ली लोटूच्या दारात. "दादा, वेटिंग चाळीस दाखवतंय हो, म्हातारीला उभं कसं न्यायचं?" लोटू मिशीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "व्हई जाई." होऊन जाईल. आणि व्हायचंही! कधी वेटिंग आपसूक सरकायचं. नाही सरकलं तर लोटू टीसीला गाठायचा, हसत हसत हात मिळवायचा, तळहातातली नोटेची घडी इकडून तिकडं जायची आणि म्हातारी बर्थवर पाय पसरून झोपायची. याची फुशारकी होती त्याला, आणि का नसावी? मिलमध्ये दिवसभर कुणी त्याला नावानं हाकसुद्धा मारत नव्हतं.

तर या लोटूची मुलगी उज्ज्वला यंदा बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला नर्स व्हायचं होतं. लहानपणापासून डोक्यात तेवढं एकच. अर्ज तिनं स्वतःच भरले, आणि घरासमोर दोन कॉलेजं येऊन उभी राहिली. एक बारडोलीकडचं, खाजगी. तिथं सीट पक्की, पण फी अशी की ऐकूनच सुषमानं, म्हणजे लोटूच्या बायकोनं, कपाळाला हात लावला. दुसरं शहरातलंच, एका ट्रस्टचं जुनं कॉलेज, फी अगदी आवाक्यातली, नाव चांगलं. पण तिथं उज्ज्वला वेटिंगवर सातवी. बारडोलीवाल्यांनी शनिवारपर्यंत मुदत दिली होती. पैसे भरा, नाहीतर सीट दुसऱ्याला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी यावर घरात बैठक बसली. सुषमाचा भाऊ मुकुंद मुद्दाम आला होता. तो बँकेत नोकरीला, शर्ट नेहमी पँटीत खोचलेला, बोलणं मोजूनमापून. लोटूला तो मनातून कधीच आवडला नाही, पण सुषमासमोर तसं बोलायची सोय नव्हती.

"दाजी, हातातली सीट सोडू नका," मुकुंद म्हणाला. "पहिला हप्ता मी भरतो. तुम्ही सवडीनं द्या, नाही दिलात तरी चालेल. भाचीच आहे माझी."

नाही दिलात तरी चालेल! लोटूच्या अंगाची लाही लाही झाली.

"काही गरज नाही," तो म्हणाला. "वेटिंग सात म्हणजे काय वेटिंग असतं का? अखाजीला मी चाळीस क्लिअर करतो!"

"पप्पा, ते वेटिंग वेगळं असतं," उज्ज्वला हळूच म्हणाली. "इथं आधीच्या कुणी सीट सोडली तरच..."

"गाडीतपण कुणी सोडली तरच मिळते! तू मला शिकवते का?"

मुकुंदनं बहिणीकडं पाहिलं, चहा संपवला आणि चप्पल घालून निघून गेला. आता खरं सांगायचं तर लोटूलाही आतून खात्री नव्हती. पण मेहुण्यापुढं हात पसरायची त्याला इतकी लाज वाटत होती, की त्यापेक्षा वेटिंगवर विश्वास ठेवणं सोपं होतं. सुषमानं पुढच्या दिवसांत एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर तो तिच्यावरच खेकसला. शनिवार आला तसा गेला. उज्ज्वला त्या दिवशी जेवली नाही, पोट दुखतंय म्हणाली, आणि लोटूनं ते पोटदुखीच समजायचं ठरवलं.

पुढच्या आठवड्यात ट्रस्टच्या कॉलेजनं वेटिंगवाल्यांना पालकांसकट बोलावलं. लोटूनं इस्त्रीचा शर्ट घातला, निघताना शेजाऱ्याला ओरडून सांगितलं, "पोरीचं ॲडमिशन करून येतो!" कॉलेजच्या व्हरांड्यात बाकांवर आठ-दहा मुली बसल्या होत्या. उज्ज्वलाची तिथं लगेच एका मुलीशी गट्टी जमली. स्नेहा तिचं नाव, पांडेसऱ्याची, घरी मराठीच. दोघींनी एकाच बाटलीतलं पाणी प्यायलं, एकमेकींचे मार्क विचारून झाले. स्नेहाची आई बाजूला उभी होती, काटकुळी, बोटांना साड्यांवर स्टोन चिकटवायचा डिंक वाळलेला. लोटूनं तिच्याकडं धड पाहिलंही नाही. तो टेबलामागच्या मॅडमकडं पाहत होता, माणूस कसा आहे याचा अंदाज घेत. सवयच ती.

मॅडमनी गुजरातीतून सांगितलं की एकच सीट रिकामी झाली आहे, आणि एकेक नंबर पुकारायला लागल्या. पहिला नंबर आलेलाच नव्हता. दुसरीनं दुसरीकडं ॲडमिशन घेतलं होतं. तिसरीचंही उत्तर आलं नाही. लोटूची छाती फुगली. बघा! सरकतंय की नाही? म्हणे वेगळं वेटिंग!

"चार?"

स्नेहाच्या आईनं पोरीला जवळजवळ ढकलतच पुढं नेलं. मॅडम तिचे मार्कशीट-दाखले तपासू लागल्या. आता मध्ये फक्त तीन पोरी, लोटूच्या डोक्यात आलं. एवढं तर हातचा मळ. कुणी काही समजायच्या आत तो बाकांमधून वाट काढत टेबलापाशी पोचला, तोंडभर हसला आणि त्यानं मॅडमपुढं हात केला.

"मॅडम, सात नंबरनुं जरा ॲडजस्ट करी आपो ने."

अरे बाबा, बाईमाणूस असं परक्याच्या हातात हात देईल का? टीसीपुढं हात केला की हात यायचा. मॅडमचा हात आला नाही. लोटूचा हात हवेत तसाच राहिला, घाबरून बोटं सैल झाली आणि घडी केलेली नोट स्नेहाच्या मार्कशीटवर पडली. पडली ती पडली, वर उलगडलीही.

"काका, आ शुं छे?" मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण बाकांवरच्या सगळ्या माना वळल्या.

लोटू काही बोलणार, तेवढ्यात स्नेहाची आई त्याच्याकडं वळली.

"म्हणजे माझ्या पोरीला उठवून तुमची बसवायची, असंच ना?" तिचा आवाज थरथरत होता. "साड्यांना स्टोन लावून लावून डोळे गेले माझे हिच्यासाठी. तुम्हाला लाज नाही वाटत हो? तुमचीबी पोरगीच आहे ना?"

लोटूचे कान तापले, आणि जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं त्याला झालं. इतकी वर्षं तो टीसीशी हात मिळवून बर्थ आणत आला होता. तो बर्थ कुणाच्या वाट्याचा होता, कोण रात्रभर दारात उभं राहिलं, हे त्यानं कधी वळून पाहिलं नव्हतं. लोक दादा दादा म्हणायचे, त्याला तेवढं पुरायचं. आज ज्याच्या वाट्याचं होतं ते माणूस समोर उभं राहून विचारत होतं.

उज्ज्वला बाकावरून उठून आली. तिनं ती नोट उचलली, घडी घातली आणि बापाच्या शर्टाच्या खिशात ठेवली, लहान पोराच्या खिशात रुमाल ठेवावा तशी. मग स्नेहाच्या आईपुढं तिनं हात जोडले.

"काकू, माफ करा. पप्पांना कळलं नाही. सीट स्नेहाचीच आहे." आणि मॅडमकडं वळून, "सॉरी मॅडम."

स्नेहा खाली बघत होती. मघाशी एका बाटलीतलं पाणी प्यायलेली ती पोरगी, तिनं उज्ज्वलाकडं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पोरीला आपल्यासाठी हात जोडावे लागले, आणि तेही ज्यांचं आपण हिसकावू पाहत होतो त्यांच्यापुढं. लोटूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या बसमध्ये उज्ज्वला त्याच्या शेजारीच बसली. दुसरीकडं बसली असती तर बरं झालं असतं. ओरडली असती, रडली असती, चारचौघांत चार शब्द सुनावले असते, तरी चाललं असतं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मी मुकुंदाला फोन लावतो," लोटू शेवटी कसंबसं म्हणाला. "पाया पडतो त्याच्या. बारडोलीचं..."

"बारडोलीच्या सगळ्या सीटा भरल्या, पप्पा. मी परवाच विचारलं होतं."

परवाच! म्हणजे आज ती निघाली तेव्हाच तिला ठाऊक होतं की दुसरं काही उरलेलं नाही. तरी तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, इस्त्रीच्या शर्टातल्या बापाबरोबर मुकाट चालत आली होती.

घरी सुषमा दारातच उभी होती. "काय व्हयनं?"

"नंबर आला नाही, मम्मी. चारवरच संपलं."

मग सुषमाच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. कुठं गेलं तुमचं व्हई जाई, माझा भाऊ पैसे घेऊन दारात आला होता, तुम्हाला तुमची मिशी मोठी, पोरीचं वर्ष मातीत घातलंत. शेजारी ऐकतील याचीही तिला पर्वा नव्हती. लोटू भिंतीला टेकून ऐकत राहिला. एकेक शब्द खरा होता, आणि त्याला वाटत होतं, बोल, अजून बोल.

"मम्मी, बस," उज्ज्वला म्हणाली. "त्यांना नको बोलू. त्यांनी करायचं ते सगळं केलं तिथं."

सुषमा थांबली. नवऱ्याचा उतरलेला चेहरा तिनं पाहिला आणि तिला दया आली असावी. "करतीलच," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "बापच आहेत." आत जाऊन तिनं त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. पोरीनं त्याचं झाकलं होतं, आणि आता त्या झाकण्यावर त्याला बायकोकडून माया मिळत होती. तांब्या त्यानं तसाच हातात धरून ठेवला. खरं काय झालं ते सांगून टाकावं असं ओठांवर आलं, पण सांगितलं असतं तर पोरगी खोटी ठरली असती.

उज्ज्वलानं ओढणी काढून खुंटीला लावली. "यंदा जवळच्या कॉलेजात कॉमर्सला नाव घालते," ती म्हणाली. "शिकवण्या घेईन थोड्या. पुढच्या वर्षी परत नर्सिंगचा अर्ज करते."

लोटूच्या जिवात जीव आला. तो सावरून बसला. "हां बेटा, एकदम बरोबर! पुढच्या वर्षी आपण आधीपासूनच..."

"पप्पा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, अगदी समजावणीचा आवाज होता. "पुढच्या वर्षी मी एकटीच जाईन हं. चालेल ना?"

सुषमाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरगी शहाणी झाली, एकटीनं कामं करायला लागली, असं ती कौतुकानं म्हणाली. लोटू "चालेल" म्हणाला आणि पोरीकडं न बघता तांब्या घेऊन मोरीकडं गेला.