रांजणावरचे झाकण

देवी जी निळाई नेसते ती कुणाच्या हातची, हे गाभाऱ्यात कुणी विचारत नाही. देवीला मात्र ते ठाऊक असते.

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात आमच्या रंगारी समाजाचे एक लहानसे देऊळ आहे. नवरात्रातल्या सप्तमीला तेथील कुलदेवी घरी रंगवलेले निळे लुगडे नेसते आणि ते रंगवण्याचा मान सुब्बरावांच्या घराण्याचा. समाजातले बाकीचे रंगारी आता केवळ नावाचे. कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात. सुब्बरावांनीही धंदा बसल्यावर शिवणयंत्र घेतले आणि लोकांचे सदरे शिवून संसार केला. पण परसात गळ्यापर्यंत पुरलेला निळीचा एक रांजण त्यांनी मरू दिला नाही. चुना, गूळ आणि टाकळ्याच्या उकडलेल्या बिया यांवर नीळ आंबते, जिवंत होते. तिला ऊब लागते, खाऊ लागतो आणि वर कायम झाकण लागते. तान्हे मूल उघडे टाकू नये तसा रांजण उघडा टाकू नये, हा रंगाऱ्याचा पहिला पाठ.

सुब्बराव मोठे प्रेमळ गृहस्थ. देवीच्या अंगावरून उतरलेल्या लुगड्याच्या चिंध्या ते जपून ठेवत आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येक नव्या बाळाला त्यांचे टोपडे शिवून देत. असा हा माणूस. आणि त्याच्याच तोंडून दर घटस्थापनेला एक कहाणी निघे.

आटपाट नगरात रंगारी होता. देवीचे लुगडे तो रांजणात सोडणार, इतक्यात एक विधवा परसात आली. तिची सावली रंगावर पडली. रांजण नासला, आणि त्या वर्षी देवी कोऱ्या, बिनरंगाच्या वस्त्रात उभी राहिली.

कहाणी परसात चाले आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहून भागीरथीबाई ती ऐकत. भागीरथीबाई म्हणजे सुब्बरावांच्या थोरल्या भावाची बायको. चौतिसाव्या वर्षी त्यांचे कुंकू गेले. त्याच वर्षी त्या तुळशीसाठी परसात उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी रांजण नासलेला निघाला. देवी खरोखरच कोऱ्या वस्त्रात उभी राहिली. कुणी त्यांना शिवी दिली नाही, हाकलले नाही. सगळ्यांनी फक्त कहाणीची आठवण काढली. तेव्हापासून बेचाळीस वर्षे, रांजण लावला की तो उठेपर्यंत, म्हणजे नीळ जिवंत होईपर्यंत, भागीरथीबाईंनी परसाचा उंबरा ओलांडला नाही. कहाणी ऐकायला जमणाऱ्या बायकांसाठी उसळ त्या करीत आणि खिडकीतून देत.

कावेरीकाठच्या तलकाडला वाळूखाली देवळे गाडली गेली आहेत. वाळू कशाने आली असे विचारा, तर आमची माणसे एका बाईच्या शापाकडे बोट दाखवतात. शाप सर्वांच्या तोंडी आहे. तिच्यावर तो देण्याची वेळ कुणी आणली, हे मात्र कथा सांगणारा घाईघाईने उरकतो. भयाला तोंड हवे असते, बाबांनो, आणि आपण ते बहुधा एखाद्या बाईचे देतो.

यंदा रांजण उठेना.

गेल्या थंडीतल्या तापात सुब्बरावांच्या नाकाचा वास गेला होता, आणि निळीचा रंगारी डोळ्यांनी नव्हे, नाकाने रंगवतो. नात यशस्विनी एका इन्फोटेक कंपनीतल्या नोकरीतून रजा घेऊन शेजारी बसली होती. ती म्हणे, "आजोबा, फेस नाही, तांब्यासारखी साय नाही. चुना कमी की जास्त?" सुब्बराव थेंब जिभेवर घेत आणि हताश मान हलवत. सप्तमी सहा दिवसांवर आली होती.

घटस्थापनेच्या संध्याकाळी बायका जमल्या. सुब्बरावांना धाप लागे, म्हणून कहाणी यंदा यशस्विनीने वाचायची होती. तिला मराठी वाचता येत नाही. तिने ती कन्नड अक्षरांत उतरून घेतली होती. 'सावली रंगावर पडली' येथवर ती आली आणि थांबली.

"आजोबा, रांजणावर झाकण होतं की नव्हतं?"

शेजारच्या जयवंतीबाई हसल्या. "अय्यो! कहाणीत कसलं झाकण विचारतेस? उद्या म्हणशील, रंगाऱ्याचा फोन नंबर काय!"

"तसं नाही, मावशी. झाकण असलं तर सावली आत पडणार नाही. आणि नसलं, तर उघडा कुणी टाकला? पहिला पाठ हाच ना, आजोबा?"

सुब्बरावांनी हातातल्या अक्षता खाली ठेवल्या. ते खाली मान घालून, पण सर्वांना ऐकू जाईल असे बोलले.

"झाकण होतं. त्या वर्षीही होतं. दादा गेले होते, माझा पहिलाच रांजण. रात्री चुना घातला आणि पहाटे विसरून पुन्हा घातला. झाकण काढलं तेव्हाच कळलं, नीळ मेली. मी सांगणार होतो... पण लोक आधीच वहिनींचं नाव घेत होते. मी नुसतं गप्प बसणं पुरेसं होतं. मी गप्प बसलो."

स्वयंपाकघराच्या दारात हालचाल झाली.

"मला ठाऊक होतं, भावजी," भागीरथीबाई म्हणाल्या. "तुळशीपाशी उभी होते तेव्हाच चुन्याचा वास आला होता."

"वहिनी! मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या दादांच्या मागं तुमचा हात चुकतो म्हणून बोभाटा झाला असता, तर गिऱ्हाईक राहिलं असतं? घरात लेकरं होती." आवाज चढला नाही, पण त्याला धार आली. "मी एका वर्षासाठी गप्प बसले होते. कहाणी तुम्ही बेचाळीस वर्षं सांगितलीत."

सुब्बराव काठी टेकत उठले. ऐंशीचे म्हातारे, उंबऱ्यापर्यंत चालत गेले. अलीकडे ते, पलीकडे वहिनी. त्यांनी वाकून उंबऱ्याला डोके टेकले. "मला क्षमा मागायची आहे, पण ती कराच असं म्हणणार नाही. देवीचं लुगडं मात्र अडलंय. मला वास येत नाही, वहिनी."

"उठा आधी. गुडघे दुखतील, मग रात्रभर मलाच शेकावे लागतील," असे म्हणून भागीरथीबाईंनी पदर खोचला आणि उंबरा ओलांडला.

जयवंतीबाईंनी नकळत पाय मागे घेतला. मग लाजून जागा करून दिली. यशस्विनीने झाकण उचलले. म्हातारीने डोळे मिटून रांजणाचा वास घेतला, दूर गेलेल्या लेकराचा घ्यावा तसा. "उपाशी आहे गं. चुना जास्त झालाय. गूळ आण, बिया उकड. आणि ऊब दे, सुम्ने, उगीच बघत काय बसलीस?"

चौथ्या दिवशी तांबूस साय धरली. पंचमीला भागीरथीबाईंनी यशस्विनीचे हात आपल्या हातांत धरून लुगडे बुडवले. निळीची गंमत अशी की कापड रांजणातून वर येते तेव्हा निळे नसतेच. हिरवट, आजारी दिसते. वारा लागू द्यावा लागतो. परसातल्या दोरीवर ते हळूहळू निळे होत गेले आणि खाली बाकावर बसलेले सुब्बराव ते पाहत होते. डोळे पुसत होते की नाही, मी पाहिले नाही, कारण माझेच भरले होते.

सप्तमीला देवीआई निळे लुगडे नेसली. आरतीनंतर प्रसाद वाटायला भागीरथीबाई उभ्या राहिल्या. मनगटापर्यंत हात निळे. ओळीत सर्वांत पुढे जयवंतीबाई. त्या घुटमळल्या, क्षणभरच. मग त्यांनी ओंजळ पुढे केली.

कहाणी आता यशस्विनी सांगते. रंगारी आहे, रांजण आहे, सावलीही आहे. शेवट तेवढा तिने मोठ्या आजीला, भागीरथीबाईंना, विचारून ठरवला आहे: ज्याच्या घरी रांजण नासेल, त्याने आधी आपला चुना मोजावा, मग दुसऱ्याच्या सावलीकडे पाहावे. देवीआई, सगळ्यांच्या हातचे नेस.