सरपंचबाईंनी कोणती डिग्री घ्यावी

बोरवंड ग्रामपंचायतीच्या हापिसात सरपंचांची खुर्ची गादीची आहे. तिच्यावर पांढरा टॉवेल टाकलेला असतो आणि त्या टॉवेलावर नम्रता बसते. शेजारी एक लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. ती कोणाची, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण तिच्यावर हरेशशिवाय दुसरं कोणी बसलेलं गावानं पाहिलेलं नाही. हरेश म्हणजे नम्रताचा नवरा. जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा नम्रता उभी राहिली, निवडून आली, आणि दुसऱ्या दिवसापासून गाव हरेशला सरपंच म्हणायला लागलं. नम्रताला म्हणायचे वहिनी. दाखला हवा, गटार तुंबलं, दिवा गेला, की माणूस दारातून आत यायचा आणि आधी प्लास्टिकच्या खुर्चीकडे बघायचा.

हरेश वाईट माणूस मुळीच नव्हता, आणि खरी पंचाईत तीच होती. वाईट असता तर भांडून मोकळं होता आलं असतं. त्याचा दोष एवढाच, की त्याला कोणालाही नाही म्हणता येत नसे. समोर माणूस उभा राहिला की याची मान आपोआप हलायची. दोन शेजाऱ्यांना एकच बांध दोघांचाही आहे असं सांगून आलेला हा गृहस्थ. अशा माणसाला निवडणुकीत फार मागणी असते. संसारात त्याचं काय करायचं, ते मात्र कोणी सांगत नाही.

नम्रता मुरबाडच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. महिला सरपंचांच्या एका प्रशिक्षणाला ती ठाण्याला गेली होती. तिथे एका बाईंनी सांगितलं, की नोकरी-कामधंदा सांभाळून शनिवार-रविवार शिकता येईल असे दोन अभ्यासक्रम आहेत. एक सार्वजनिक धोरणाचा, दुसरा लोकप्रशासनाचा. एक तरी नाकारेल म्हणून नम्रतानं दोन्हीकडे अर्ज केले. दोन्हीकडून हो आलं. येत्या सोमवारपर्यंत कुठलं तरी एक नक्की करायचं होतं, नाहीतर दोन्ही जागा हातच्या जाणार.

झालं. घरात चर्चा बसली.

"धोरण म्हंजे काय गो?" सासरे धाऊबाबा ओट्यावर बसून होते, त्यांनी विचारलं.

"काय कराचं ते ठरवणं, बाबा."

"आन प्रशासन?"

"ठरलेलं करून दाखवणं."

सासूबाई, म्हणजे रंभाबाई, वांगी चिरत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मंग मी दोनी केलंय. आज वांगी कराची ते मीच ठरवलं, आन करते पन मीच."

"आन मी?" धाऊबाबांनी विचारलं.

"तुमी लाभार्थी."

धाऊबाबांना हा शब्द योजनांमुळे चांगलाच ठाऊक होता आणि त्यात त्यांना काही वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, "पोरी, तू धोरणच घे. भारदस्त वाटतं. लग्नपत्रिकेत नावापुढं छापता येल." साईनाथ, हरेशचा धाकटा भाऊ, ज्याचं लग्न येत्या रविवारी होतं आणि ज्याला त्या दिवसांत लग्नाशिवाय काही सुचत नव्हतं, तो म्हणाला, "वहिनी, ज्याची परीक्षा सोपी ते घे." आणि हरेश म्हणाला, "दोनी चांगलं हाय." त्याच्याकडून दुसरं काही येईल अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

नम्रताचा स्वतःचा कल धोरणाकडे होता, आणि त्याला कारण होतं. तिनं तिच्या आयुष्यातलं पहिलं धोरण नुकतंच केलेलं होतं.

गोष्ट अशी, की आपल्या शहापूर-मुरबाडकडे हळद लग्नाच्या डोक्यावर बसलेली आहे. लग्नाला माणसं कमी आली तरी चालतात, हळदीला मात्र मांडव फुटला पाहिजे. मटणाचे टोप, बेंजो, नाच, आणि मग वर्षभर त्याचं ओझं. बोरवंडमध्ये आमंत्रण दोन तऱ्हेनं देतात. 'घरटी एक' म्हणजे घरातलं एक माणूस येऊन जावं. 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटू द्यायची नाही, तान्ह्या पोरापासून थकलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांनी आमच्याकडेच जेवायचं. आणि अलीकडे प्रत्येकजण दुसऱ्याला चूलबंद सांगायचा, कारण त्यानं आपल्याला चूलबंद सांगितलेलं असायचं. नम्रतानं ग्रामसभेत ठराव मांडला: यापुढे गावात हळदीला घरटी एकच माणूस बोलवायचं.

उपसरपंच वत्सलाबाई उठून उभ्या राहिल्या. आवाज असा, की माइक बंद करावा लागतो. "माजा याला विरोध हाय," त्या म्हणाल्या. "हळद काय रोज लागते? आमी लोकांकडं जेवलू, आता लोकांना उपाशी ठेवाचं?" बराच वेळ बोलल्या. मग हात वर करायची वेळ आली, तेव्हा बायकांचे हात भराभर वर गेले, कारण हळदीची भांडी कोण घासतं हे बायकांना माहीत होतं. हरेशनं दोन्ही वेळा हात वर केला, ठरावाच्या बाजूनं आणि विरोधातही. ठराव मंजूर झाला. त्या दिवशी नम्रता इतकी खूश होती, की घरी येताना तिला वाटलं, हेच आपलं काम. विचार करायचा, ठरवायचं, गावाला वळण लावायचं. राहिलं करणं, ते काय कोणीही करील.

आणि ठरावानंतरची पहिलीच हळद निघाली ती तिच्याच घरची, साईनाथची. गावाचे डोळे लागलेले. आता घरचीच हळद ठरावाप्रमाणे झाली नाही, तर सरपंचबाईंचा शब्द पुढे कोणी ऐकणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं.

आमंत्रणं द्यायला हरेश निघाला. नम्रतानं त्याला ओट्यावर थांबवलं. "काय सांगाल?"

"घरटी एक."

"परत सांगा."

"घरटी एक गो. मी काय ल्हान पोर हाय?"

पहिलं घर भागी मावशीचं. हरेशला तिनं कडेवर खेळवलेलं. त्यानं दाराशी अक्षता ठेवल्या, घसा साफ केला आणि म्हणाला, "मावशे, शनवारी साईनाथची हळद हाय, तर घरटी..." मावशी गुडघ्यांवर हात टेकत उठली. मागे तिचे नातू एका रांगेत उभे राहून बघत होते. "घरटी काय रे बाबा?" हरेशच्या तोंडात शब्द आला होता, तो त्यानं गिळला. "घरटी कोन मागं राह्याचं नाय. चूलबंद." मावशीनं त्याच्या गालावरून हात फिरवला. मग शेजारी ऐकणारे देवजीमामा होतेच, त्यांना वेगळं कसं सांगणार? त्यांना सांगितलं तर त्यांच्या भावाला वेगळं कसं सांगणार? उन्हं कलेपर्यंत हरेशनं सगळं गाव चूलबंद केलं, आणि घरी येऊन पाय धुतले.

"सांगितलं?" नम्रतानं विचारलं.

"सगळ्यांना," तो म्हणाला. आणि हे खोटं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी मांडवात हळद लागत होती. साईनाथ पाटावर पिवळा होऊन बसला होता. मागच्या अंगणात कोंडू आचाऱ्यानं मटणाचा टोप उतरवला होता, घरटी एकच्या हिशेबाचा. नम्रता मांडवाच्या तोंडाशी लोकांचं स्वागत करत होती. पहिली आली भागी मावशी, सोबत मुलगे, सुना आणि नातवंडांची ती रांग. नम्रताला वाटलं, म्हातारी माणसं, आठवण राहत नाही. मग देवजीमामा आले सहकुटुंब. मग मामांचा भाऊ आला, त्याच्यामागे त्याच्या कसाऱ्याला दिलेल्या दोन्ही पोरी, जावयांसकट. मग रस्त्यावरून जे काही येताना दिसलं, ते पाहून नम्रतानं पदर खोचला आणि हरेशला शोधायला लागली. हरेश बेंजोवाल्यांच्या मागे उभा होता. बेंजोपुढे नाचतात, मागे कोणी उभं राहत नाही.

"चूलबंद सांगितलंत?"

हरेशनं मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "तोंडावर कसं सांगाचं गो," तो म्हणाला. "तू सांगून बघ एकदा."

नम्रताला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तेवढ्यात मांडवात वत्सलाबाई शिरल्या. एकट्या. मागे नवरा नाही, सून नाही, नातू नाही. नम्रताला वाटलं, बाई मुद्दाम रुसून आल्यात.

"बाकीचे?" तिनं विचारलं.

"घरी. पिठलं-भाकर करून ठेवलीय."

"यांनी तुमाला चूलबंद नाय सांगितलं?"

"सांगितलं की. पन ठराव घरटी एकचा हाय ना?" वत्सलाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं काहीतरी खुळचट विचारलं. "मला तो पटला नवता, आजपन पटलेला नाय. पुढच्या ग्रामसभेला मी तो मोडायला लावनार हाय. तवर हाय तो हाय." आणि मांडवभर नजर टाकून म्हणाल्या, "एवढी मान्सं? कोंडू पळून जाईल."

कोंडू पळाला नव्हता, पण चप्पल मात्र पायात घातली होती. नम्रतानं त्याला धरला. भाताचे आणखी टोप चढवायला लावले. रश्शात किती पाणी सोसेल विचारलं, आणि तो म्हणाला त्याच्याहून थोडं जास्त ओतलं. रंभाबाईंना घराघरांतून बटाटे गोळा करायला पाठवलं. गावातल्या चुली बंद होत्या, पण टोपल्या भरलेल्या होत्या. राहिलं मटण. नम्रतानं ठरवलं, माणशी एक फोड. मोठी पळी हरेशच्या हातात दिली. "आता तुमीच सांगा सगळ्यांना."

पहिल्या पत्रावळीवर हरेशनं एक फोड टाकली. भागी मावशीनं नुसतं वर पाहिलं. दुसरी पडली. देवजीमामांसाठी पळीत तीन आल्या, कारण ते मामा होते. नम्रतानं पुढे होऊन त्याच्या हातातली पळी काढून घेतली.

मग ती पंगतीत स्वतः फिरली. मागोमाग भाताचं घमेलं घेऊन वत्सलाबाई. "मामा, माणशी एकच." "काकी, एकच, भात हवा तेवढा घ्या." "जावईबापू, तुमालापन एकच." पहिल्या चार-पाच पत्रावळींवर तिचा आवाज कापला. मग लक्षात आलं, की कोणी मरत नाही. लोक नाक मुरडतात, बाजूच्याच्या पत्रावळीत किती आहे ते बघतात, तिथेही एकच दिसली की जेवायला लागतात. देवजीमामा म्हणाले, "हरेश असता तर तीन टाकल्या असत्या." नम्रता म्हणाली, "म्हनून तर त्यांना तिकडं पानी वाढाला ठेवलंय." पंगत हसली. मामाही हसले आणि त्यांनी भात मागून घेतला. शेवटच्या पंगतीपर्यंत सगळ्यांना पुरलं. कोंडूनं चप्पल काढून ठेवली. नम्रताच्या साडीवर रश्शाचे ओघळ होते, खांदा भरून आला होता, आणि ठराव मंजूर झाला त्या दिवशीपेक्षा तिला जास्त आनंद झाला होता. याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

रविवारी लग्न पार पडलं. सोमवारी सकाळी सगळे चहाला बसले. साईनाथची नवी बायको संगीता भिंतीला टेकून बसली होती आणि आपण नेमक्या कुठल्या घरात आलो, याचा अंदाज घेत होती.

"मंग धोरण ना?" धाऊबाबांनी विचारलं.

"नाय, बाबा. प्रशासन."

हरेशनं बशी खाली ठेवली. दोन दिवस तो फार गोड वागत होता. "आगो, ते कशाला? तू डोक्याची बाई हायस. तू ठरवत जा. करून घ्याला मी हाय ना."

"ठरवायला मला येतं," नम्रता म्हणाली. "ग्रामसभेनं हात वर करून सांगितलंय, की मला ठरवायला येतं. तुमी एका दुपारी दारोदार फिरलात आन माजं ठरवलेलं पुसून आलात. आता मला ठरवलेलं टिकवायला शिकाचंय."

तिनं तिथेच फोन लावला आणि लोकप्रशासनाची जागा पक्की केली. धाऊबाबांना थोडं वाईट वाटलं, पण पत्रिकेत हेही छापता येईल असं रंभाबाईंनी सांगितल्यावर ते चहा प्यायले.

हरेश विचार करत होता. विचार संपल्यावर त्याचा चेहरा खुलला. "चालेल की. तू शनवारी कॉलेजला जा. हापिसचं टेन्शन घेऊ नको. शनवारी मी बसतो."

"शनवारी वत्सलाबाई बसतील. त्यांना कालच सांगितलंय."

"वत्सला?" हरेशला खरंच समजेना. "ती तुज्या विरोधात हाय गो. मी तुज्या बाजूनं हाय."

"हां," नम्रता कप उचलत म्हणाली. "पन ती माज्या तोंडावर विरोधात हाय."